उधरवालीकडचा चहा

निवृत्त माणसाला समाजसेवेपासून लांब ठेवण्यासाठी सरकारनं एखादी योजना काढायला हवी. मोफत पत्ते द्या, बाकडी द्या, शेजाऱ्याच्या मुलाच्या लग्नाबद्दल मत मांडायला सभागृह द्या. पण खेड्यात पाठवू नका. मी स्वतः गेलो होतो म्हणून सांगतो.

नागपूरहून नोकरीच्या निमित्तानं लखनऊला आलो तेव्हा दोन-तीन वर्षांत बदली मागून परत जायचं ठरवलं होतं. केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींच्या मागे बसून केस कधी गेले कळलं नाही. तोवर इंदिरा नगरात घर झालं, मुलगी इथंच वाढली, आणि तिला मराठीत 'जेवलीस का गं' विचारलं तर 'हाँ पापा, कब का' असं उत्तर येऊ लागलं. मग परत कुठं जायचं? निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे सरकारी पद्धतीनं लावले. हळद 'ह'मध्ये, म्हणजे अगदी शेवटी. फोडणी जळेपर्यंत हळद सापडेना, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, घराचं भलं पुरे झालं बाप्पा. आता जरा समाजाचं करा."

समाज बिचारा बेसावध होता.

सकाळी फिरायला येणाऱ्या एक बाई शहराबाहेरच्या गावांत संस्था चालवायच्या. तिथल्या बाया चिकनचं भरतकाम करतात. लखनऊच्या 'चौक' नावाच्या जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याकडून निळे छापे मारलेलं कापड येतं, त्यावर या आपापल्या घरी बसून टाके घालतात, आणि मधला दलाल मलई खातो. बायांनी गट करून चौकातून थेट काम आणावं, म्हणून ही संस्था. मॅडमनी मला 'सक्षमीकरण सल्लागार' केलं. पगार नव्हता, पण कार्ड छापून मिळालं. ते मी पहिल्यांदा बायकोला दिलं. तिनं ते वाचलं आणि त्यानं दातात अडकलेली बडीशेप काढली.

पहिल्याच बैठकीत मी शिबिरात शिकलेला खेळ घेतला. लोकरीचा गुंडा एकीनं दुसरीकडं फेकायचा आणि फेकताना स्वतःचा एक गुण सांगायचा. लोकरीचं जाळं तयार होतं, आणि त्यातून म्हणे एकजूट दिसते. बायांनी गुंडा फेकला, गुण सांगायला लाजल्या, जाळं झालं. मी टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या संपल्या तेव्हा लोकर जागेवर नव्हती. हिवाळ्यात ती मला भेटली. एका पोराच्या डोक्यावर टोपी होऊन. एवढं ठोस फलित माझ्या पुढच्या कुठल्याही उपक्रमाला आलं नाही.

तर, हा गट. दर महिन्याला बैठक, आणि बैठक आळीपाळीनं प्रत्येकीच्या अंगणात. जिचं अंगण, तिचा चहा. नियम बायांनीच केलेला, मी फक्त त्याला 'फिरतं नेतृत्व' असं नाव दिलं. गटातली सगळ्यात वडील बाई म्हणजे अम्मा. ताठ पाठ, दारात म्हशी, आणि आवाज असा, की म्हशीही बसायच्या आधी तिच्याकडं बघत. अम्मानं मान हलवली की ठराव पास. मी ठराव वाचून दाखवायचा तो केवळ आवाज बरा म्हणून.

ही आळीपाळी फिरत फिरत अंगणाअंगणातून जायची आणि एका घराजवळ आली की उडी मारायची. गावाच्या टोकाला, तळ्याच्या पलीकडं काही घरं होती. त्या वस्तीला गावात नाव नव्हतं. लोक नुसतं 'उधर' म्हणत. उधर कोण जातं, उधरची बकरी शेतात शिरली, उधरचं पाणी जड आहे. तिथं राहणारी ही गटातली बाई, म्हणून तिला सगळ्या 'उधरवाली' म्हणायच्या. गट सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवसापासून होती. प्रत्येकीच्या अंगणात बसली होती. चहा आला की तिचा कप अंमळ वेगळ्या ताटलीतून येई, आणि ती तो स्वतः विसळून कोपऱ्यात पालथा घाली. मला वाटायचं, किती टापटिपीची बाई.

खरंच असं वाटायचं. आता हसा.

दर बैठकीच्या शेवटी ती एकच प्रश्न विचारायची. "बाबूजी, हमारा नंबर कब आएगा?"

तिला दुसरं काही नको होतं. कर्ज नको, शिलाई मशीन नको, शिबिराची पिशवीसुद्धा नको. बैठक एकदा तिच्या अंगणात व्हावी आणि या सगळ्या बायांनी तिच्या हातचा चहा प्यावा, बस. माझ्याकडं महिला सक्षमीकरणाची दहा कलमं होती. त्यात चहा नव्हता. त्यामुळे मी तिला म्हणायचो, "जरूर, जरूर, अगली बार."

अगली बार आली की व्रत यायचं. मंगळवार ठरवला तर अम्माला बजरंगबलीचा उपास. सोमवार ठरवला तर भोलेनाथाचा. शुक्रवारी संतोषी मातेचा, शनिवारी शनीचा. एकादशी तर मधेच कुठूनही यायची. ज्या बायांकडं उपास नसे त्यांना त्या दिवशी ताप भरे. शेजारणीच्या अंगणातल्या बैठकीला याच बाया याच वारी याच देवांच्या देखत भजी खायच्या, पण ते मी कधी ताडून पाहिलं नाही. मी जन्मभर नियमानं चालणारा माणूस. मला वाटलं, अडचण वेळापत्रकाची आहे. म्हणून मी सगळ्या उपासांचा एक तक्ता केला, रंगीत पेन्सिलींनी. त्यात बुधवार कोरा राहिला. असा आनंद झाला म्हणता, की बायकोला उठवून दाखवला.

"बुधवारी कोणाचाच देव उपाशी नाही," मी म्हणालो.

"देवाचं जाऊ द्या," ती कूस बदलत म्हणाली, "माणसाचं बघा."

बुधवार जाहीर केला तेव्हा अम्मानं बराच वेळ तक्त्याकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोंडी ओळखता येत होती. "ठीक है," ती म्हणाली. "आप कह रहे हैं, बाबूजी, तो ठीक है."

आता हे 'आप कह रहे हैं' समजायला हवं. अम्मानं माझ्याबद्दल सुरुवातीलाच एक मत करून घेतलं होतं. चष्मा, पान न खाणं, हातात सतत कागद, आणि आडनाव असं, की या मुलखात कुणाला त्याचा अर्थ लागू नये. "आप लोग तो उधर महाराष्ट्र के पंडित होंगे," असं तिनं एकदा इतरांना सांगितलं, मी समोर असताना. मी चष्मा पुसला. म्हातारीचं मन कशाला मोडा? तेव्हापासून अम्माकडं माझ्यासाठी निराळा, जाड, चकचकीत स्टीलचा गिलास निघायचा. चहा बिनसाखरेचा, कारण मला डायबिटीस. गावात गेलो की आधी तिच्याकडं, म्हणून त्या गिलासात मी इतक्यांदा चहा प्यालो, की म्हशी मला ओळखू लागल्या.

इकडं इंदिरा नगरातल्या आमच्या हॉलमध्ये निळ्या सुटातला, हातात पुस्तक धरलेला तो फोटो आहे, जो आमच्यासारख्या नागपुरी बौद्धांच्या घरात असतोच. एप्रिलमध्ये इथली मराठी कुटुंबं एकत्र जमतात, आणि दर एप्रिलला मी भाषण करतो. विषय ठरलेला: पाणी. आपल्या माणसांना कोणत्या ओंजळीनं, किती उंचीवरून पाणी वाढलं जायचं. लोक डोळे पुसतात. मीही पुसतो. नंतर खीर असते.

एवढा अभ्यास असल्यामुळेच बुधवारची खरी अडचण माझ्या चटकन लक्षात आली. दिवस कोरा मिळाला, पण भांड्यांचं काय? अम्मा उधरवालीच्या भांड्यातून प्यायची नाही. मग बैठकीत शोभा. आणि मग माझ्या सुपीक डोक्यातून उपाय निघाला. मी बाजारात गेलो आणि कागदी कपांचं एक मोठं पुडकं आणलं. वर पाण्याचा कॅन. भांडंच नाही तर वाद कशाचा? हजारो वर्षांचा प्रश्न, वापरा आणि फेका.

बायको दारात उभी राहून पाहत होती.

"हे कप कशाला? तिच्या घरी कप नाहीत काय?"

"अगं, असतील. पण हे सगळ्यांना सोयीचं. कुणालाच अवघड वाटायला नको."

"कुणाला म्हणजे कुणाला?"

"तुला नाही कळायचं. याला मध्यम मार्ग म्हणतात."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग हॉलमधल्या फोटोकडं पाहिलं, आणि म्हणाली, "जा बाप्पा. त्यांनाच काय ते बघू द्या." कोणाला, ते मला त्या वेळी कळलं नाही.

स्कूटरच्या मागे मी पाण्याचा कॅन बांधला. झाकण कुठंतरी सैल होतं. रिंग रोड ओलांडून आंब्याच्या बागांमधून गावात पोचेपर्यंत माझी पँट मागून पूर्ण भिजली होती. त्यामुळे उधर जाणारा मी बहुधा पहिला सल्लागार होतो ज्याच्याकडं पाहून पोरं तोंड दाबून हसत होती आणि ज्याला ते प्रेम वाटत होतं.

तिचं अंगण मातीनं नुकतं सारवलेलं होतं. अजून ओल होती. कुणाकुणाकडून मागून आणलेल्या सतरंज्या अंथरल्या होत्या. चुलीवर पातेल्यात चहा उकळत होता, आलं ठेचून घातलेला. वास तळ्यापर्यंत आला होता. एका बाजेवर परात होती आणि तिच्यावर तिनं स्वतः भरलेलं पांढरं कापड झाकलेलं. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती. सारखी पदर नीट करत होती. मी आलो तशी धावत पुढं आली. "बाबूजी, आइए, आइए. सब आ गए. अम्मा भी आ गईं."

अम्मा आली होती. सतरंजीच्या अगदी कडेला, गावाकडं तोंड करून बसली होती, जणू गाडी सुटायची आहे. बाकीच्या बाया तिच्या मागे दाटीवाटीनं. कुणी बोलत नव्हतं. एरवी या बायांना गप्प करायला मला टाळ्या वाजवाव्या लागायच्या.

मी पुडकं उघडलं. "देखिए," मी म्हणालो, "आज सबके लिए डिस्पोजेबल!"

काय सांगू, बायांचे चेहरे असे सैल झाले, की मला वाटलं, याला म्हणतात परिणाम. अम्मा तर मागे वळून हसली. "वाह! ये बढ़िया किया, बाबूजी. साफ-सफाई भी रहेगी." पुडकं हातोहात फिरलं. प्रत्येकीनं एकेक कप काढून असा धरला, जणू परीक्षेत कॉपी मिळाली आहे. मी स्वच्छतेवर दोन शब्द बोललो. जंतूंवरही बोललो. बोलता बोलता माझी नजर पातेल्याकडं गेली आणि माझ्या लक्षात आलं, की चहा तर तिच्या हँडपंपाच्या पाण्याचा आहे. अम्माच्याही लक्षात आलेलं दिसलं. ती आठवत होती, बुधवारी कुठला देव असतो.

इथं गप्प बसावं की नाही? पण मी सल्लागार. मी अर्धा उरलेला कॅन पुढं सरकवला आणि मृदू आवाजात म्हणालो, "ऐसा करते हैं, इस पानी से दूसरी चाय चढ़ा लीजिए."

उधरवालीनं कॅनकडं पाहिलं. मग माझ्याकडं. तिनं पातेलं चुलीवरून उतरवलं, ठेवलं, हात पदराला पुसले. बाजेपाशी गेली आणि कापड काढलं. परातीत स्टीलचे गिलास पालथे घातले होते, नवे कोरे, एकाला एक खेटून. उन्हात डोळे दिपले.

"बाबूजी, एक बात पूछें?"

"पूछिए न."

"अम्मा के यहाँ आप गिलास में पीते हैं."

"हाँ..."

"सबके यहाँ आप उन्हीं के बर्तन में पीते हैं. फूटी पियाली में भी पीते हैं, हमने देखा है."

मी पुडक्याचं तोंड दुमडलं.

"फिर हमारे यहाँ कागज में क्यों?" आवाज चढलेला नव्हता. "हम सोचे थे आप अम्मा को समझाने आ रहे हैं. आप तो अपना इंतजाम बाँध के लाए हैं. पानी तक."

तुम्हाला वाटेल, या क्षणी माझ्या मनात सगळी एप्रिलची भाषणं उभी राहिली असतील. नाही. मनात एवढंच आलं, की पँट अजून ओली आहे आणि मी हिच्या सारवलेल्या अंगणात डाग पाडून बसलो आहे. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "देखिए, ये एक अंतरिम व्यवस्था है, सहभागिता की दृष्टि से..."

"बाबूजी," ती म्हणाली, "हिंदी में बताइए."

एका तरुण सुनेला हसू फुटलं. अम्मानं तिला डोळ्यांनी दाबलं, आणि मग माझ्या बाजूनं, खरोखर मायेनं म्हणाली, "अरे, तू काहे बाबूजी पे चढ़ रही है? ऊँचे घर के हैं. उनका भी तो धरम है."

माझा धर्म. अम्मा माझा धर्म वाचवत होती. घरी हॉलमध्ये असलेल्या माझ्या धर्माला हे कळलं असतं तर फोटोतलं ते पुस्तक माझ्या टाळक्यात बसलं असतं.

"अम्मा," मी म्हणालो. घसा कोरडा, आणि पाणी मागायची सोय उरलेली नव्हती. "अम्मा, मैं उधर का हूँ."

"हाँ, नागपुर के. बताया था आपने."

"नहीं अम्मा. नागपुर में भी एक उधर है. हमारे दादा का घर वहीं था. हम लोग..." पुढचे शब्द मी दर एप्रिलला माईकवर सहज म्हणतो. इथं माईक नव्हता म्हणून की काय, फार लहान आवाजात निघाले. पण निघाले. सगळ्यांना ऐकू गेले.

अम्मानं मला चष्म्यापासून चपलांपर्यंत पाहिलं, जणू तिला म्हैस म्हणून विकलं आणि आता मी रेडा निघालो.

"तो आप पंडित नहीं हैं?"

"नहीं."

"कभी नहीं थे?"

"कभी नहीं."

आणि मग उधरवाली हसली. हसणं कुठून आलं तिलाही कळलं नसावं, कारण आधी डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच पाण्यातून हसू फुटलं. "हाय अम्मा!" तिनं कपाळाला हात लावला. "तब तो आपके गिलास कब के गए!"

"चुप!"

"इतने बुधवार, इतने मंगलवार! उसी गिलास में पूरा घर पीता होगा! भैंस तो दूध दे रही है न, अम्मा? सूखी तो नहीं?"

तरुण सून आता पदरात तोंड खुपसून हलत होती. तिच्या शेजारचीला लागण झाली. मग तिसरीला. मी मधोमध उभा, ओल्या पँटीत, एका म्हातारीचा सगळा भांड्यांचा संच बाटवलेला माणूस. इतका प्रभावी कार्यक्रम मी कधीच केला नव्हता, आणि हा मी केलाच नव्हता.

सगळ्या हसल्या असं मात्र नाही. दोघींना अचानक गवताचा भारा आठवला, त्या उठून गेल्या. एकीनं कागदी कप शेवटपर्यंत हातात तसाच धरला, रिकामा, मेणबत्तीसारखा. उधरवाली हसणं आवरून त्या जाणाऱ्या दोघींकडं पाहत राहिली. मग तिनं परातीतला एक गिलास सुलटा केला, चहा ओतला आणि मला दिला. साखर घातलेला, चांगला घट्ट. डॉक्टरची आठवण आली, तरी प्यालो. पोळलो. आणखी प्यालो.

आता सगळ्यांचं लक्ष अम्माकडं. ती उठली असती तर अर्धं अंगण तिच्या मागे उठलं असतं, हे उधरवालीला माहीत होतं. तिच्या हातातलं पातेलं हलत नव्हतं, पण पदराचं टोक तिनं मुठीत इतकं आवळलं होतं, की इस्त्री गेली.

अम्मानं हातातल्या कागदी कपाचा वास घेतला. नाक मुरडलं. तो जमिनीवर ठेवला.

"इसमें तो कागज की बास आती है," ती कुणाकडंच न पाहता म्हणाली. "ला, दे."

उधरवालीनं गिलास दिला. अम्मानं तो फिरवून पाहिला. कडेला अक्षरं कोरलेली होती. "ये क्या खुदवाया है?"

"नाम है, अम्मा."

"आदमी का?"

"हमारा. चौक में काम जमा करने गए थे, वहीं से लिए. दुकानदार भी पूछा, किसका नाम डालें. हम बोले, जिसकी चाय है उसका."

"हुँह," अम्मा म्हणाली. एक घोट घेतला. दुसरा घेतला. आम्ही बुधवारच्या सगळ्या देवांसारखे निश्चल. "चीनी कम है," ती म्हणाली.

ज्याच्या साखरेनं मला डॉक्टर आठवला होता, तोच चहा. पण चीनी कम म्हणायला आधी चहा प्यावा लागतो. उधरवालीला ते बरोबर कळलं. ती साखरेचा डबा आणायला अशी पळाली, की परातीला पाय लागून उरलेले गिलास सतरंजीवर घरंगळले, आणि बायांनी ते हातांनी उचलले, आणि हातात गिलास आल्यावर एकेक जण आपोआप चहात अडकली.

जाताना अम्मानं कपांचं पुडकं काखेत मारलं. "ये पड़ा रहेगा तो बकरी खाएगी," ती म्हणाली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. थोडं माझ्या बाजूनं सजवून. ती भाजी चिरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती बोलली म्हणून. नाही तर तुम्ही तिच्याच अंगणात तिला लांबूनच पाणी वाढून येत होते." मुलगी आतून म्हणाली, "पापा, सीरियसली?" मी वर्तमानपत्र उघडलं. ते कालचं होतं.

संस्थेच्या मॅडम मात्र फार खूश. त्या तरुण सुनेनं मोबाइलवर काढलेला, पुडकं उघडतानाचा फोटो त्यांनी अहवालात टाकला: मी, हातात कागदी कप, मागे हिरवळ. पँटीच्या वरच कापला होता. खाली ओळ होती, स्वच्छतेच्या सवयी रुजवण्याचा अभिनव प्रयोग. मी ती दुरुस्त करायला जाणार होतो. पण फोटो बरा आला होता.

पुढच्या महिन्यात बैठक अम्माच्या अंगणात. म्हशी जागेवर, सतरंज्या जागेवर, आणि चहा आला तो माझ्या पुडक्यातल्या कपांत. सगळ्यांना. मलाही. माझा तो जाड चकचकीत गिलास कुठं दिसेना. "बाबूजी ने ही तो सिखाया," अम्मा मोठ्या गोडव्यानं म्हणाली. "सफाई की बात है. सबके लिए बराबर." तिनं माझा कप मला स्वतः आणून दिला, बोटांच्या टोकांत धरून. तिनं एक महिना विचार करून हे काढलं असावं. कुणावर अन्याय नाही, कुणाचं भांडं नाही. माझाच मध्यम मार्ग, फक्त आता मी त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो.

कप फिरत फिरत उधरवालीपाशी आला. तिनं हात मांडीवरच ठेवले.

"अम्मा, हम गिलास में लेंगे."

"सब कागज में ले रहे हैं."

"लेने दीजिए. हमने आपको गिलास में दी थी."

अम्मा बघत राहिली. तीही बघत राहिली. तिचं अंगण, तो सारवलेला ओला वास, मुठीत आवळलेला पदर, सगळं पुन्हा तिथं येऊन बसलं. या वेळी तिनं हमारा नंबर कब आएगा असं विचारलं नाही. नुसती बसून राहिली, पाहुणीसारखी. पाहुणीला चहा द्यायचा असतो, हे काही संस्थेनं शिकवावं लागत नाही.

अम्मा पुटपुटत आत गेली. आतून भांड्यांचा असा आवाज आला, की म्हैस उठून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा हातात गिलास होता. जुना, पोचे आलेला, पण घरचा. दाणकन ठेवला, चहा ओतला.

उधरवालीनं तो उचलला, फिरवून पाहिला. "ये क्या खुदा है, अम्मा?"

"आदमी का नाम है. और किसका होगा."

"और आपका?"

"पी ले," अम्मा म्हणाली. "ठंडी हो रही है."

ती प्यायली. सावकाश, एकेक घोट. कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. मग त्या तरुण सुनेनं आपला कागदी कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अम्मा, हमें भी गिलास में." अम्मा करवादली, घरात काय बारात उतरली आहे का, एवढे गिलास कुठून आणू. पण आत गेली.

मलाही म्हणायचं होतं, अम्मा, मलाही. तोंड उघडलंसुद्धा होतं. पाण्यावर तासभर बोलणारा माणूस मी. पण अम्मा आत-बाहेर करताना माझ्याकडं असं बघत होती, की शब्द चष्म्याच्या काचेमागेच राहिले. माझ्या कपाचं बूड एव्हाना मऊ झालं होतं. चहा थेंबथेंब पँटीवर पडत होता. उधरवालीनं ते पाहिलं, आपला गिलास मांडीवर टेकवला आणि मला विचारलं, "क्या हुआ, बाबूजी? आप नहीं माँगेंगे?"

"नहीं, नहीं," मी म्हणालो. "ठीक है. मैं ही तो लाया था."